लष्करी विमानांची छायाचित्रं: एअर शो आणि संग्रहालयांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येलहंक्याचा एअरो इंडिया, मरीन ड्राइव्हवरच्या कसरती आणि बोगमाळोचं नौदल संग्रहालय अशा ठिकाणी कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांच्या मनात येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांतले आकडे सुरुवातीसाठी आहेत. ते लावून बघा, पहिले दहा फोटो स्क्रीनवर मोठे करून तपासा आणि मग आपले आकडे ठरवा.

भारतात लष्करी विमानांचे फोटो बिनधास्त कुठे काढता येतात?

सगळ्यात मोठी संधी म्हणजे बेंगळुरूजवळच्या येलहंका हवाई तळावर भरणारा एअरो इंडिया. १९९६ पासून साधारण दर दोन वर्षांनी, फेब्रुवारीत तो होतो. १० ते १४ फेब्रुवारी २०२५ च्या खेपेला अमेरिकेचं एफ-३५ आणि रशियाचं सुखोई-५७ एकाच तळावर होती, हे दृश्य इतरत्र मिळणं अवघड. पहिले दिवस व्यावसायिकांचे आणि शेवटचे सर्वसामान्यांसाठी असतात. फक्त उड्डाणं बघण्याचं तिकीट घेतलंत तर प्रदर्शनात उभी विमानं जवळून मिळत नाहीत, म्हणून तिकीट काढतानाच आपल्याला काय हवंय ते ठरवा.

याशिवाय ८ ऑक्टोबरच्या वायुसेना दिनानिमित्त होणारी उड्डाणं आणि शहरांत होणाऱ्या हवाई दलाच्या सूर्यकिरण (जेट विमानं) व सारंग (हेलिकॉप्टरं) पथकांच्या कसरती. मुंबईत १२ ते १४ जानेवारी २०२४ ला मरीन ड्राइव्हवर अशा कसरती झाल्या होत्या.

उभ्या विमानांसाठी दिल्लीत पालमचं वायुसेना संग्रहालय, गोव्यात बोगमाळोचं नौदल हवाई संग्रहालय, बेंगळुरूत विमानं बनवणाऱ्या एचएएल कंपनीचं संग्रहालय आणि विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर ठेवलेलं टीयू-१४२ हे टेहळणी विमान ही मुख्य ठिकाणं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात भारतात बनलेलं एचएफ-२४ मारुत हे लढाऊ विमान आहे. मुंबईकरांना सरावासाठी त्याच्यासारखं दुसरं विमान नाही. कॅमेऱ्याचं शुल्क आणि आतल्या फोटोग्राफीचे नियम बदलत असतात, तेव्हा दारावर विचारूनच कॅमेरा बाहेर काढा.

पुण्याला लोहगावात किंवा गोव्यात दाबोळीला प्रवासी विमानाच्या खिडकीतून लढाऊ विमानं दिसतात. त्यांचे फोटो काढू का?

नाही. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा. नागरी विमानं तिथे पाहुणी आहेत. अशा तळांवर, आतून असो की कुंपणाबाहेरून, परवानगीशिवाय फोटो काढणं गुन्हा ठरू शकतं, आणि शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ फार कडक आहे. कुंपणाला लागून लांब लेन्स रोखून उभं राहणाऱ्याला कुणी ‘छंद आहे’ म्हणून सोडत नाही. एअर शोच्या जागीसुद्धा प्रवेशद्वार, सुरक्षाव्यवस्था, रडार यांच्याकडे कॅमेरा वळवू नका. ड्रोन तर घरीच ठेवा.

लेन्स किती मिलिमीटरची लागेल?

हिशोब सोपा आहे. विमानाची लांबी भागिले अंतर, गुणिले फोकल लेन्थ, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा. सुखोई-३० सुमारे २२ मीटर लांब. ५०० मीटरवरून ४०० मिमी लेन्सने ती प्रतिमा साडेसतरा मिलिमीटरची होते, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरच्या ३६ मिमी रुंदीत जवळपास निम्मी. तेजस फक्त १३ मीटरच्या आसपास, त्यामुळे त्याच अंतरावर जेमतेम साडेदहा मिलिमीटर. तेजससाठी ६०० मिमी किंवा एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा हाताशी असलेला बरा.

१००-४०० किंवा १५०-६०० मिमीची झूम लेन्स घ्या. स्थिर फोकल लेन्थची भारी लेन्स दिसायला रुबाबदार असली तरी विमान अचानक जवळ आलं की शेपूट कापली जाते. दुसऱ्या कॅमेऱ्यावर २४-७० मिमी लावून गळ्यात ठेवा. सूर्यकिरणने आकाशभर बदामाचा आकार काढला की ४०० मिमीमध्ये फक्त धूर येतो.

शटर स्पीड किती ठेवायचा? मला तर नेहमी १/२००० सांगितला जातो.

जेट विमानाला १/१२५० ते १/२००० योग्यच आहे, कारण त्याचा बाहेरून दिसणारा कुठलाही भाग फिरत नाही. पण हाच आकडा डकोटा, टायगर मॉथ यांसारख्या जुन्या पंख्याच्या विमानांना किंवा ध्रुव हेलिकॉप्टरला लावला की पाती गोठतात आणि विमान दोरीने आभाळात टांगल्यासारखं दिसतं. उडणाऱ्या विमानाचं इंजिन बंद पडलेलं दाखवणारा फोटो कितीही स्पष्ट असला तरी तो आम्ही बाजूला ठेवतो.

आता गणित पाहा. हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर मिनिटाला सुमारे ३०० फेरे घेतो असं धरलं तर सेकंदाला ५ फेरे, म्हणजे १८०० अंश. १/१००० ला पातं जेमतेम २ अंश सरकतं, म्हणजे थिजलेलंच. १/१२५ ला १४ अंश, १/६० ला ३० अंश. चार पात्यांच्या रोटरचं पूर्ण वर्तुळ हवं असेल तर पातं ९० अंश फिरायला हवं, त्याला १/२० सेकंद लागेल. हातात धरलेल्या लांब लेन्सने ते साधणं फारच कठीण. म्हणून हेलिकॉप्टरला सुरुवात १/१२५ ने करा, हात बसला की १/८० आणि १/६० पर्यंत उतरा.

प्रोपेलर जास्त वेगाने फिरतो. मिनिटाला १२०० फेरे धरले तर सेकंदाला ७२०० अंश. १/२५० ला २९ अंश, १/१२५ ला ५८ अंश. डकोटाच्या तीन पात्यांना १/१६० हा चांगला मध्य आहे. टायगर मॉथचा दोन पात्यांचा पंखा गिअरशिवाय थेट इंजिनवर असतो आणि आणखी जोरात फिरतो, त्याला १/२०० ते १/२५० पुरतो. मात्र जमिनीवर इंजिन मंद चालू असताना फेरे खूप कमी असतात. तेव्हा याच पंख्याला १/६० च्या आसपास यावं लागतं.

इतक्या मंद शटरला बरेच फोटो हलणार. एका फेरीत वीस काढले आणि दोन धारदार आले तरी तो उत्तम निकाल आहे. पहिल्या फेरीत १/३२० ने दोन-तीन सुरक्षित फोटो घेऊन ठेवा आणि मगच खाली उतरा.

मंद शटर लावला की फोटो पांढरे पडतात. काय करू?

भर उन्हात आयएसओ १०० आणि १/१२५ ला अ‍ॅपर्चर एफ १४ पर्यंत जातं. त्याने फोटो थोडा मऊ होतो आणि सेन्सरवरची धूळ आकाशात काळ्या ठिपक्यांनी उमटते. दोन स्टॉप प्रकाश कमी करणारा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) एनडी फिल्टर लावा, म्हणजे एफ ७ वर काम होतं. पोलरायझरही साधारण दीड-दोन स्टॉप खातो, पण लेन्स फिरवत विमानाचा पाठलाग करताना त्याचा परिणाम प्रत्येक कोनात बदलतो आणि आकाशाचा निळा रंग फोटोगणिक वेगळा येतो. उडत्या विमानांसाठी एनडीच बरा.

मिररलेस कॅमेऱ्यात हेलिकॉप्टरची पाती केळ्यासारखी वाकडी का येतात?

सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटरमुळे. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्या वेळात पातं पुढे सरकलेलं असतं. मेकॅनिकल शटर निवडा. सेन्सर फार झटपट (स्टॅक्ड) किंवा एकदम (ग्लोबल) वाचणाऱ्या कॅमेऱ्यांत हा त्रास फार कमी किंवा अजिबात नसतो. ही चूक नंतर संगणकावर सुधारता येत नाही, म्हणून शोच्या आदल्या रात्री सेटिंग पाहून घ्या.

आकाश छान आलं, पण विमान काळं पडलं.

कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला फ्रेमभर उजळ आकाश दिसतं, म्हणून तो प्रकाश कमी करतो. ढगाळ पांढऱ्या आभाळात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१.३ ठेवा. सूर्य पाठीशी आणि आकाश गडद निळं असेल तर शून्य किंवा फार तर +०.३ पुरे.

ऊन स्थिर असेल तर सरळ मॅन्युअल मोडवर जा. आयएसओ ४००, एफ ८, १/१६०० हे स्वच्छ उन्हातल्या विमानाला बसणारं गणित आहे. विमान निळ्या आकाशातून झाडांच्या पार्श्वभूमीवर उतरलं तरी त्याच्यावरचं ऊन बदलत नाही, त्यामुळे एक्स्पोजरही बदलायला नको. ऑटो मोड मात्र तिथे फसतो. फोटो रॉ फाइलमध्येच घ्या, पोटाखालची सावली नंतर एखाद-दीड स्टॉप वर आणता येते.

फोकस बरोबर, शटर बरोबर, लेन्स चांगली. तरी धावपट्टीवरचे फोटो मऊ. लेन्स खराब आहे का?

बहुतेक वेळा लेन्स निर्दोष असते. दोष तापलेल्या हवेचा. काँक्रीट तापलं की त्यावरची गरम हवा भोवरे करत वर चढते. गरम आणि थंड हवेत प्रकाश वेगवेगळा वळतो, म्हणून विमानाच्या कडा पाण्यात थरथरल्यासारख्या होतात. कॅमेरा आणि विमान यांच्यामध्ये जमिनीलगतची हवा जितकी जास्त, तितकं नुकसान जास्त. ६०० मिमी लेन्स ही थरथर विमानाबरोबर मोठी करून दाखवते. संगणकावर शार्पनिंग वाढवलं की ती आणखी डोळ्यांत भरते.

ओळखायचं कसं? व्ह्यूफाइंडरमधून धावपट्टीपलीकडचे खांब किंवा गाड्या पाहा. त्या हलताना दिसल्या तर धावपट्टीवरचे लांबचे फोटो सोडून द्या आणि विमान वर चढल्यावर काढा, कारण वरच्या हवेत हा त्रास झपाट्याने कमी होतो. टॅक्सी आणि टेकऑफचे फोटो सकाळच्या उड्डाणांतच उरकून घ्या. दुपारी चाकं जमिनीवर असलेल्या लांबच्या विमानाचा स्वच्छ फोटो मिळणं जवळजवळ अशक्य असतं, मग कॅमेरा कितीही महाग असो. दुसऱ्या विमानाच्या एक्झॉस्टमागून फोटो घेतानाही हेच होतं, पण तिथली थरथर कधीकधी चित्राला शोभते.

स्वस्त यूव्ही फिल्टरही काढून टाका. लांब लेन्सवर तो उघड फरक पाडतो.

उभं कुठे राहावं?

लेन्सपेक्षा या प्रश्नावर जास्त वेळ खर्च करावा, असं आमचं ठाम मत आहे. नकाशावर धावपट्टीची दिशा पाहा आणि त्या तारखेला सूर्य कुठे असेल ते काढा. येलहंक्याची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि फेब्रुवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्यामुळे धावपट्टीच्या दक्षिणेला उभ्या माणसाला उजेड पाठीशी मिळतो आणि उत्तरेला उभ्या माणसाच्या डोळ्यांत सूर्य. निवड हातात नसेल तर सकाळी पश्चिमेकडून, दुपारी पूर्वेकडून येणारी विमानं टिपा, त्यांच्या पुढच्या भागावर तिरकं ऊन पडतं.

मरीन ड्राइव्हवर जानेवारीत बारा ते एकच्या दरम्यान सूर्य सरळ दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो. समुद्राकडे पश्चिमेला पाहिलं तर ऊन डावीकडून येतं आणि चालतं. नरिमन पॉइंटच्या दिशेने, म्हणजे दक्षिणेकडे वळलात की विमानं काळ्या आकृत्या होतात. उलट गिरगाव चौपाटी आणि मलबार हिलच्या बाजूला जाणारं विमान उजळून निघतं आणि मागे मुंबई दिसते. तो फोटो निव्वळ निळ्या आभाळातल्या विमानापेक्षा शंभर वेळा बोलका असतो.

इंग्लंडमध्ये असणाऱ्यांसाठी: डक्सफर्डच्या एअर शोला प्रेक्षक धावपट्टीच्या उत्तरेला असतात, त्यामुळे स्पिटफायर बहुतेक वेळ उजेडाविरुद्ध उडतात. तिथे विमान वळताना पंखाची वरची बाजू दाखवतं त्या क्षणाची वाट पाहावी.

ऑटोफोकसची मांडणी कशी ठेवू?

सतत फोकस करणारा मोड, म्हणजे एएफ-सी किंवा सर्वो. कॅमेऱ्यात विमान ओळखण्याची सोय असेल तर चालू करा, नसेल तर मधल्या बिंदूंचा छोटा गट निवडा. एकच बिंदू कोऱ्या आकाशावर घसरला तर लेन्स पुढे-मागे शोधत बसते आणि विमान निघून जातं. लेन्सवर अंतराची मर्यादा ठरवणारं बटण असेल तर ‘दूर’वर टाका. स्थिरीकरणासाठी पॅनिंगचा (विमानाबरोबर कॅमेरा फिरवण्याचा) मोड लावा, बहुतेक लेन्सवर तो २ क्रमांकाचा असतो.

विमान लांब असतानाच पकडा. पाय खांद्याइतके फाकवून विमान जिथे सर्वांत जवळ येणार तिकडे बोटं करा, कंबरेतून मागे वळा आणि त्याच्याबरोबर उलगडत या. बटण दाबल्यावर हात थांबवू नका.

सूर्यकिरणच्या विमानांचं क्रॉसिंग नेमकं सापडत नाही.

समजा पथकाची दोन हॉक जेट ताशी ६०० किलोमीटरने समोरासमोर येत आहेत. एकमेकांकडे येण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर झाला. सेकंदाला १० फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन फोटोंमध्ये ३३ मीटर निघून जातात आणि विमान आहे १२ मीटरचं! म्हणजे नेमका क्षण दोन फोटोंच्या मधे हरवणं स्वाभाविकच. सेकंदाला २० ची सोय असेल तर वापरा, नसेल तर जवळच्या विमानाचा पाठलाग करत दुसरं फ्रेममध्ये शिरायच्या किंचित आधी बर्स्ट (सलग फोटो) सुरू करा. झूम मोकळा ठेवा. समालोचक क्रॉसिंगची सूचना आधी देतो, ती ऐका.

नऊ विमानांच्या रचनेत सगळी विमानं फोकसमध्ये येतील का ही चिंता मात्र सोडा. ४०० मिमी, एफ ८ आणि ५०० मीटर अंतर असेल तर जवळपास २९० मीटरपासून दोन किलोमीटरपर्यंत सगळं स्पष्ट असतं.

सारंगची मोर रंगवलेली ध्रुव हेलिकॉप्टरं संथ आणि जवळून उडतात, तिथे वर सांगितलेला मंद शटर लागू करा. मात्र एकाच पथकावर आशा ठेवून प्रवास ठरवू नका. जानेवारी २०२५ च्या अपघातानंतर ध्रुवचा ताफा जमिनीवर ठेवला गेला आणि फेब्रुवारीतल्या एअरो इंडियात सारंग उडलं नाही.

पंखांवर पांढरी वाफ कधी मिळते?

हवेत दमटपणा आणि विमान तीव्र वळणात असताना. पंखावरचा दाब एकदम घटतो, हवा थंड होते आणि बाष्प दिसू लागतं. समुद्रकाठी शक्यता जास्त, फेब्रुवारीतल्या बेंगळुरूच्या कोरड्या दुपारी कमी.

बोगमाळोच्या संग्रहालयात काय आणि कसं टिपावं?

उघड्या आवारातली विमानं हे या जागेचं वैभव. तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन एअर इंडियाकडून हवाई दलाकडे आणि तिथून नौदलाकडे आलं. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे साडेसदतीस मीटर. २४ मिमीने जवळून काढलं तर नाक फुगतं आणि शेपट्या खेळण्यातल्या वाटतात. शक्य तितकं मागे जाऊन ५० मिमीने उभे चार-पाच फोटो एक तृतीयांश ओव्हरलॅप ठेवून घ्या आणि जोडा. अख्खं विमान प्रमाणबद्ध येतं.

जुन्या विक्रांतवरून उडालेली सी हॉक आणि अलिझे इथे आहेत. विमानवाहू जहाजावरच्या विमानाची ओळख ज्या खुणांतून पटते त्या जवळून घ्या: पंख दुमडण्याचे बिजागर, शेपटीखालचा अरेस्टर हुक (उतरताना जहाजावरच्या तारेत अडकणारा आकडा), जाडजूड चाकांचे पाय. २०१६ मध्ये इथल्याच आयएनएस हंसा तळावर निवृत्त झालेल्या सी हॅरियरच्या बाजूला फिरत्या नळ्या असतात. इंजिनाचा झोत खाली वळवून हे विमान उभं उतरायचं ते याच नळ्यांच्या जोरावर, तेव्हा निदान एक फोटो त्या नळीचाच हवा. त्यासाठी गुडघ्यावर बसून, विमानाच्या पोटाच्या उंचीवरून ८५ ते १०० मिमी लेन्स वापरा.

खारं वारं आणि ऊन यांनी रंग विटतो. उन्हाळी दुपारी हा विटका रंग आणखी पांढरट दिसतो, तिथे पोलरायझर उपयोगी पडतो. पावसाळ्यातला ढगाळ दिवस सर्वांत चांगला: सावल्या मऊ, ओला रंग गडद. फलक, साखळ्या, कचऱ्याचे डबे टाळण्यासाठी कॅमेरा गुडघ्याखाली आणा किंवा फ्रेम घट्ट करा. सोमवारी सहसा बंद असतं, निघण्याआधी खात्री करा.

हँगरमध्ये अंधार, वर फ्लॅश आणि ट्रायपॉड वापरू देत नाहीत.

फ्लॅश तसाही नको. घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर आणि कॅनोपीवर (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर) त्याचा पांढरा डाग पडतो. आयएसओ १६०० ते ३२००, एफ ५.६ आणि खांब किंवा कठड्याला टेकून १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुने ट्यूबलाइट आणि बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवला तर फोटोत पट्टे येत नाहीत, १/३२० ला हमखास येतात. दारातून येणारं ऊन आणि आतले पिवळट दिवे यांची सरमिसळ असेल तर एक पांढरा कागद विमानाजवळ धरून फोटो घ्या, रंग जुळवायला तो आधार होतो. आधी परवानगी विचारा, आणि विमानाला हात लावू नका.

कॉकपिट काचेआड असेल तर रबराचं लेन्स हूड काचेला टेकवा, प्रतिबिंब बंद.

मोबाइल पुरतो का?

संग्रहालयात छान पुरतो. उडत्या विमानासाठी नाही, मात्र धुराच्या पूर्ण आकृत्या, गर्दी, उभी विमानं यांना तो उत्तम.

बरोबर काय न्यावं?

दोन मेमरी कार्डं, तीन बॅटऱ्या, पुरेसं पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, कानात घालायचे बोळे. आफ्टरबर्नर (जादा जोरासाठी एक्झॉस्टमध्ये इंधन जाळणं) लावलेलं जेट कानांना खरोखर इजा करतं, लहान मुलांना कानटोपे हवेतच. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरच्या शोला आलेल्यांपैकी काही जण ऊन आणि गर्दीत दगावले. तेव्हा पाणी, सावली आणि परतीचा रस्ता या तीन गोष्टी फोटोच्या आधी ठरवा. शेवटचं विमान उतरताच सगळे एकदम निघतात, थोडं थांबून निघा.

फोटोखाली काय लिहावं?

विमानाचा प्रकार, मालिका क्रमांक, जागा, तारीख. क्रमांकासाठी शेपटीचा एक वेगळा फोटो घ्या. नौदलाच्या क्रमांकाआधी ‘आयएन’ असतं. प्रदर्शनात ठेवलेल्या विमानावर रंगवलेला क्रमांक त्याचा मूळचाच असेल असं मात्र गृहीत धरू नका. हवाई दलाच्या विंटेज ताफ्यातलं ‘परशुराम’ नावाचं डकोटा व्हीपी ९०५ हा क्रमांक मिरवतं. तो आहे २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या डकोटाचा, त्या स्मरणार्थ इथे रंगवलेला. अशा वेळी दिसणारा क्रमांक आणि तो मुळात कुठल्या विमानाचा, दोन्ही नोंदवा. वर्षांनी कुणी विमानाचा इतिहास शोधायला बसलं तर त्याला हीच ओळ उपयोगी पडते.